पाव्हण्याचा जबडा

सर गाडीत पुढच्या सीटवर बाहुल्याला बसवायचे आणि बायकोला मागे. एवढं सांगितलं तरी त्या माणसाचं निम्मं चित्र पुरं होतं. उरलेलं निम्मं जास्त संताप आणणारं आहे, म्हणून लिहायला बसले.

बाहुला म्हणजे पोरांच्या खेळण्यातला नव्हे. अत्यवस्थ पेशंट समोर आला की पहिल्या काही मिनिटांत काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं पाहायचं, हे नर्सना आणि नव्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी रबराचा पुरुषभर उंचीचा पुतळा मिळतो, तो. सर त्याला 'पाव्हणे' म्हणायचे. पाव्हण्यांच्या अंगात सरांचा जुना सफारी, पायात सरांचेच मोजे, छातीवरून सीटबेल्ट. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागे डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. टोलनाक्यावरच्या पोरानं एकदा वाकून आत बघितलं आणि विचारलं, "सायेब, पाव्हणं लय आजारी हायत काय?" सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आजारी असणं हाच त्यांचा पेशा आहे." मी मागे काकूंच्या शेजारी बसले होते. काकूंनी माझ्याकडे पाहून नुसते डोळे मिटले.

मी भुलीची डॉक्टर. सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी करते. आमच्याकडे दरवर्षी तपासणीचं पथक येतं आणि पथक येणार म्हटलं की प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते घ्यायला सर. मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले, मुक्काम सातारा, आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जेवढी म्हणून मध्यम आकाराची हॉस्पिटलं आहेत तेवढ्यांचे हे कुलगुरू. मॅनेजमेंटनं मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही सरांना जरा मदत करा." मदत म्हणजे पाव्हण्यांचे पाय धरून त्यांना जिन्यावरून वर न्यायचं. डोक्याकडची बाजू सर कुणाला देत नसत.

दिसायला सर ठेंगणे आणि भरलेले. मान जवळजवळ नव्हतीच; डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. कपड्यांना कडक इस्त्री. गळ्यात स्टेथोस्कोप नसे, शिट्टी असे. पीटीच्या मास्तरांची असते तशी, दोरीला अडकवलेली स्टीलची शिट्टी. ती फुंकली की पुढची पायरी. श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी सगळं अंग उघडून पाहणं. पाच पायऱ्या. जगभर हाच क्रम शिकवतात आणि तो बरोबरच आहे. जे आधी मारतं ते आधी पाहायचं, इतकं साधं त्याचं सूत्र. तोंडापासून छातीपर्यंतची हवेची वाट बंद असेल तर बाकीचं काहीही तपासत बसलात तरी माणूस हातचा जातो, म्हणून ती पहिली. क्रम चांगला होता यात वाद नाही. वाद सरांशी होता.

कारण सर तो शिकवत नसत, म्हणवून घेत. हॉलच्या मध्यभागी टेबलावर पाव्हणे आडवे, भोवती नर्स पोरींचं कोंडाळं. सर ओरडत, "श्वासमार्ग?" पोरी ओरडत, "मोकळा!" शिट्टी. "श्वास?" "चालू!" शिट्टी. "नाडी?" "लागते!" आमच्या कॉरिडॉरमध्ये एकदा म्हसवडकडची एक म्हातारी आपल्या नवऱ्याचा एक्सरे घेऊन चालली होती. आतला गजर ऐकून तिनं चपला काढल्या आणि हात जोडून दाराशी उभी राहिली. मी सांगितलं, "आजी, आरती नाही, क्लास आहे." म्हातारी म्हणाली, "असंना का. देवाचं न्हाई तर न्हाई, डाक्टराचं तरी नाव घेत्यात." आणि हात तसेच जोडलेले ठेवले. सरांना हा किस्सा कुणीतरी सांगितला तर त्यांना तो स्तुतीसारखा वाटला. पुढं वर्षभर ते प्रत्येक वर्गात सांगायचे.

सरांची वचनं होती. "रोग मागाहून, क्रम आधी." "शंका असेल तर ती घरी न्या." आणि सगळ्यांत आवडतं, "आजारी माणूस शिकवायच्या उपयोगाचा नसतो. तो वेळ पाळत नाही." हे म्हणताना ते हसत नसत. त्यांना खरंच तसं वाटे. एके काळी ते वॉर्डात, पेशंटच्या खाटेशी उभं राहून शिकवत असत म्हणे. मग ते का सोडलं याबद्दल साताऱ्यात दोन-तीन कथा होत्या. एका कथेत शिकवता शिकवता एक म्हातारा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला आणि सरांनी त्याचा धसका घेतला. माझा त्या कथेवर विश्वास नाही. धसका घेणारा माणूस गळ्यात शिट्टी घालत नाही. माझ्या मते वॉर्डातले पेशंट शिट्टी ऐकत नव्हते, एवढंच.

आपल्याकडे सत्कार म्हटला की फेटा आला. सर आपल्या सत्कारात दोन फेटे बांधायला लावत. एक स्वतःला, एक पाव्हण्यांना. फेटा बांधणारा माणूस पहिल्यांदा बावचळायचा. सर म्हणायचे, "बांधा, बांधा. ह्यांनी तुमच्या गावातल्या निम्म्या नर्स पास केल्यात." आणि फोटोत मध्ये पाव्हणे, उजवीकडे सर, डावीकडे जो कोण चेअरमन असेल तो. काकू फोटोत कधीच नसत. त्या कुठंतरी मागे डबा सांभाळत उभ्या.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं मी. सातारा-सांगलीत विक्षिप्त माणसांचा तोटा नाही, आणि विक्षिप्त डॉक्टरांचा तर मुळीच नाही. पण पाव्हण्यांचा जबडा बिघडला आणि माझं हसू गेलं.

झालं असं की एका उन्हाळ्यात इस्लामपूरला क्लास होता आणि गाडी दिवसभर उन्हात. रबर मऊ पडलं, आतली स्प्रिंग निसटली आणि पाव्हण्यांचा जबडा लोंबायला लागला. दुसरा कुणी असता तर कंपनीला फोन केला असता. सरांनी बाहुला उचलला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेला. मिस्त्री बिचारा कामाचा पक्का. त्यानं आत पट्टी घातली, वरून चिकट मसाला भरला, रात्रभर वाळवला आणि सकाळी अभिमानानं सांगितलं, "सायेब, आता ह्यो जन्मात हालायचा न्हाई."

हालला नाहीच. आता यात काय बिघडलं, हे डॉक्टर नसलेल्याला सांगायला हवं. बेशुद्ध माणूस उताणा पडला की त्याची जीभ मागे पडते आणि हवेची वाट बुजते. आधी तो घोरतो. लोकांना वाटतं, चला, घोरतोय म्हणजे झोपलाय, श्वास चालू आहे. खरं तर ते घोरणं म्हणजे वाट बंद होत आल्याची हाक असते. त्याचा जबडा धरून वर उचलायचा, की जीभ पुढे येते आणि वाट उघडते. याला ना औषध लागतं ना यंत्र. ऑपरेशनच्या टेबलावर मी दिवसभर दुसरं काय करते? पहिली पायरी म्हणजे प्रामुख्यानं ही हाताची गोष्ट आहे. आणि ज्या बाहुल्यावर ती शिकायची त्याचा जबडा ट्रॉलीच्या मिस्त्रीनं कायमचा बसवून दिलेला.

सरांनी यावर तोडगा काढला. "श्वासमार्ग मोकळा आहे असं धरून चाला." शिट्टी. पुढे.

मी पहिल्याच वर्गानंतर त्यांना गाठलं. मी म्हणाले, "सर, पोरी बघतच नाहीत. नुसतं मोकळा मोकळा ओरडतात."

"क्रम पाठ होतोय ना?"

"क्रम पाठ होतोय, पण पहिल्या पायरीला हातच लागत नाही. उद्या एखादा पेशंट घोरत असेल आणि या म्हणतील मोकळा. जाईल तो."

"डॉक्टर, तुम्ही भुलीवाले सगळ्या जगाकडं जबड्यातनं बघता."

"मग नवा बाहुला घ्या. नाहीतर माझ्यावर दाखवा, मी झोपते टेबलावर."

सरांनी असं पाहिलं, जणू मी काही अश्लील बोलले. "जिवंत माणूस मधेच हसतो," ते म्हणाले आणि पाव्हण्यांच्या सफारीची बटणं लावायला लागले. नवा बाहुला न घेण्यामागं पैशाचा प्रश्न नव्हता. हॉस्पिटलांनी वर्गणी काढून दिला असता. त्यांना पाव्हण्यांना निवृत्त करायचं नव्हतं. एका रबराच्या पुतळ्याचं मन मोडू नये म्हणून हा गृहस्थ जिवंत माणसांचे गळे पणाला लावत होता, आणि ते मी मॅनेजमेंटला दोनदा सांगितलं. मॅनेजमेंट म्हणालं, पथकाला सर्टिफिकेट दिसतं, जबडा दिसत नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग आलेल्या पोरींमध्ये एक वैशाली होती. मेढ्याकडची, वडील फौजेतनं सुभेदार होऊन परत आलेले. चेहऱ्यावर एक प्रकारचा हुकूम पाळण्याचा निर्धार. सरांची ती लाडकी, कारण ती घसा फाटेस्तोवर ओरडायची आणि पाच पायऱ्या श्वास न घेता म्हणून दाखवायची. परीक्षेत पहिली आली. मी तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "जबडा कसा उचलतात गं?" ती म्हणाली, "मॅडम, तो मोकळा असतोय की." तिची काय चूक? तिनं पाहिलेला एकुलता एक बेशुद्ध पुरुष तसाच होता.

त्या वर्षीच्या सर्टिफिकेट वाटपाला एका साखर कारखान्याचे चेअरमन येणार होते. कार्यक्रम जेवणाआधी, म्हणजे कागदावर. सर आपल्या वेळेचे पक्के होते. त्यांना मधुमेह होता आणि जेवणाची वेळ झाली की ते कुणासमोरही शर्ट वर करून पोटात इन्शुलिन टोचून घेत आणि लगेच ताटावर बसत. त्या दिवशीही वेळेवर टोचून घेतलं. पण ताट कुठलं? आपल्याकडची रीत ठरलेली आहे. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय पंगत बसत नाही. चेअरमनसाहेबांचा माणूस हॉलमध्ये फोन कानाला लावून सांगत राहिला, "निघाल्यात. आलंच. इस्लामपूर सोडलंय बगा." हॉलच्या मागं भात गार होत होता, आणि सर फेटा बांधून स्टेजवर उभे. काकूंनी डब्यातली पोळी पुढं केली तर म्हणाले, "फेट्यात खाऊ का?" आणि वेळ घालवायला पोरींना पुन्हा एकदा पाच पायऱ्या म्हणायला लावल्या.

त्याच वेळी मला थिएटरमधून सिझरसाठी बोलावणं आलं आणि मी खाली गेले. पुढचं मला वैशालीनं सांगितलं, आणि कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत मी पाहिलं.

सर बोलता बोलता अडखळले. कुणावर तरी विनाकारण चिडले. घाम फुटला. मग फेट्यासकट स्टेजवर उताणे कोसळले. आणि हॉलमध्ये चक्क टाळ्या! कारण सरांना अशा अचानक परीक्षा घ्यायची खोड होती. कधी पाव्हण्यांना टेबलावरून ढकलून द्यायचे, कधी दाराआड लपवायचे, आणि बघायचे कोण धावतं. सगळ्यांना वाटलं, आज स्वतःच पडून दाखवतायत. वैशाली पुढं धावली, गुडघ्यांवर बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "श्वासमार्ग!" सगळ्या पोरी म्हणाल्या, "मोकळा!"

सर घोरत होते. भसाभसा, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं. चेअरमनसाहेबांचा माणूस हसून म्हणाला, "सायेबांनी झोपायचं सोंग झकास घेतलंय." वैशाली पुढच्या पायरीवर गेली. "श्वास!" "चालू!" मग घोरणं थांबलं. छाती खालीवर होत होती, पोट उलट्या दिशेनं जात होतं, आणि हवा आत जात नव्हती. पोरी नाडीवर होत्या.

सिझर दुसऱ्या भुलीच्या डॉक्टरच्या हवाली करून मी जेवायला म्हणून वर आले तेव्हा मला दारातूनच ओठ दिसले. जांभळे नव्हे, काळे. माझ्या आयुष्यात मी इतक्या जोरात कुणाला ढकललं नसेल जितक्या जोरात वैशालीला ढकललं. सरांच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी जबडा वर उचलला. मान नसलेला माणूस, वजनदार डोकं, वर तो फेटा. घशातून असा आवाज आला की पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग दुसरा श्वास. मग तिसरा. ओठांचा रंग हळूहळू परतला आणि तेव्हा कुठं हॉलला कळलं की हे नाटक नव्हतं. काकू स्टेजच्या कडेला डबा छातीशी धरून उभ्या होत्या.

खरं सांगायचं तर वैशालीनं पुढचं चोख केलं. शुद्ध तपासायच्या पायरीवर रक्तातली साखर बघायची असते, ती तिनं बघितली, आणि साखर इतकी खाली की यंत्र आकडा दाखवेना. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळात सरांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "शेवटची पायरी कुणी गाळली?"

त्यांना आमच्याकडेच दाखल करून घेतलं. संध्याकाळी मी राउंडला गेले तर खाटेवर बसून काकूंना समजावत होते, "क्रमानं वाचवलं मला. साखर चौथ्या पायरीवर सापडली का नाही?"

काकूंचा बांध फुटला. "आवं, कसला क्रम नि कसलं काय! त्या पोरी तुमाला मारत हुत्या. ह्या बाई वर आल्या नसत्या तर आज मी काय घिऊन घरी गेले असते?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला न्हाई कळत. पर काळं तोंड कळतंय."

सर माझ्याकडे वळले, मी त्यांची बाजू घेईन या आशेनं. मी मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. दुष्टपणा होता तो. पण मला इतकी वर्षं दाबलेला राग कुठंतरी काढायचा होता. सर बघत राहिले. आपला फेटा, आपलं उघडं तोंड, आपलं घोरणं, आणि भोवती आपणच घडवलेल्या पोरींचा तो गजर. "मोकळा!" त्यांनी परत पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदा त्या शब्दापाशी आल्यावर म्हणाले, "आवाज कमी कसा करायचा ह्याचा?" मी आवाज बंद करून दिला. मग ते मुक्या चित्राकडे बघत बसले.

"ही पुढं बसलेली पोरगी. वैशाली ना?"

"हो. तुमची पहिली आलेली."

"आता कुठाय?"

"केसपेपरच्या खिडकीवर ड्यूटी मागून घेतलीय. म्हणते, पेशंटला हात लावणार नाही. मला म्हणाली, 'मॅडम, मी सरांस्नी मारत हुते आणि मला वाटत हुतं मी पहिला नंबर काढतीया.' नोकरी सोडून मेढ्याला जायचं म्हणतेय."

सरांनी मोबाइल परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल की माझं चुकलं. म्हणाले नाहीत. डिस्चार्ज घेऊन गेले तेव्हाही नाही.

पुढच्या वर्गाला, म्हणजे याच पोरींच्या उजळणीला, ते येणार नाहीत असंच मी धरलं होतं. आले. बारीक झालेले, पण इस्त्री तशीच कडक. बरोबर पाव्हणे नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "घरी आहेत. बरे नाहीत." एवढंच. रबराच्या बाहुल्याला आजारी पाडून या माणसानं आपली इज्जत राखली. मला हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी बूट काढले, शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि टेबलावर स्वतः उताणे झोपले. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. "मी बेशुद्ध आहे," सर छताकडे बघत म्हणाले. "पहिली पायरी." आणि डोळे मिटले.

"मोकळा!" अख्खा हॉल गरजला. सवयच तशी लागलेली.

सरांनी एक डोळा उघडला. "कुणी बघितलं?"

मागच्या रांगेतल्या एकीनं पुढचीला कोपरानं ढोसलं.

"मी विचारतोय, कुणी बघितलं? इतक्या बायका आहात. एकीनं तरी वाकून बघितलं?" आवाज नेहमीसारखाच खेकसणारा होता, पण आता तो खालून, टेबलावरून येत होता आणि त्यातली मिजास उतरली होती. "वैशाली कुठाय? बोलवा तिला."

वैशालीला खिडकीवरून आणलं. ती दाराशीच थबकली. मला वाटलं ही आता पळणार. सर पडल्या पडल्या म्हणाले, "ये. डोक्याकडं उभी राहा. कानाच्या खाली जबड्याचा कोपरा लागतो का? तिथं बोटं घाल. आता वर उचल. छताकडं."

तिनं बोटं ठेवली. "सर, दुखंल तुमाला."

"दुखलं पाहिजे. न दुखता उचलला म्हणजे उचललाच नाहीस. जोर लाव."

तिनं जोर लावला. सरांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ज्यानं हे कधी अनुभवलं नाही त्याला सांगते, खरा जबडा उचलला की जीव कळवळतो. बेशुद्ध माणसालासुद्धा त्यानं जाग यायला लागते. सरांनी हात वर करून तिला थांबवलं नाही. उलट बोटांनी खुणावलं, अजून वर. वैशाली रडत होती आणि उचलत होती. मग तिनं स्वतःच वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला, श्वास ऐकला, आणि हळू आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता मोकळा हाय, सर."

"पुढची," सर म्हणाले.

सगळ्या पोरी एकेक करून आल्या. सरांनी एकीलाही सोडलं नाही, आणि मधे मधे सगळ्यांचा पाणउताराही केला. "ही गाल कुरवाळतीय माझा." "ही नखं वाढवून आलीय, पेशंटला ओरबाडायला." जिनं नीट केलं नाही तिला परत रांगेत उभं केलं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते. शिट्टी माझ्या मुठीत घामानं ओली झाली, पण मी ती फुंकली नाही. वर्ग संपल्यावर उठून बसताना त्यांना तोंड मिटता येईना. तशाच वाकड्या तोंडानं त्यांनी मला सांगितलं की हॉलमधले पंखे आवाज करतात आणि पुढच्या वेळी ते दुरुस्त झाले पाहिजेत.

वैशालीनं दुसऱ्या दिवशी वॉर्डातली ड्यूटी परत मागून घेतली. त्याचं श्रेय मला सरांना द्यावं लागतं, आणि ते देताना माझ्या जिवावर येतं. कारण स्वतःच्या गळ्याशी आल्यावर या माणसाला अक्कल आली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांचा प्रश्न होता तेव्हा ते शिट्टी फुंकत होते. मधल्या काळात त्यांच्याकडून शिकून गेलेल्या पोरी कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांत पसरल्या, त्यांनी कुठल्या कुठल्या घोरणाऱ्या माणसाला मोकळा म्हटलं असेल, हे मला माहीत नाही आणि सरांनाही नाही. ते मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

चार-सहा दिवसांनी काकूंचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, काय केलंसा वं ह्येंच्या तोंडाला? भाकरी चावंना झाल्यात. भात कालवून घालतीया, त्योबी गिळवंना."

"दुखू दे, काकू," मी म्हणाले.

"आवं, दुखू दे काय? उद्या कराडला निघाल्यात. परवा विट्याला. जितं जितं म्हणून शिकवलंय तितं तितं परत जायाचं म्हनत्यात, फुकाट. म्या म्हनलं, तोंड बरं हुस्तवर तरी थांबा. तर ऐकत न्हाईत. तुमी तरी सांगा की त्येस्नी. तुमचं ऐकतील."

"माझं ते कधीच ऐकत नाहीत," मी म्हणाले. "आणि या खेपेला मी सांगणारही नाही."